शरीरात चिप: घाबरायचं ते नेमकं कशाला?

स्नेहल_क

नमस्कार मंडळी. आमच्या घरी सध्या एकाच विषयावर वाद चालू आहे. माझा आत्तेभाऊ स्टॉकहोमला असतो, तो सुट्टीवर आलाय. त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे, कातडीखाली एक चिप आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. तिनं त्याच्या ऑफिसचं दार उघडतं, जिममधलं लॉकर उघडतं. हाताला फोन टेकवला की त्याचं कार्ड फोनवर दिसतं. मुलांना भारी गंमत वाटते, आत्या मात्र धास्तावलीय. "हा कुठं जातो-येतो ते आता कुणीतरी बसून बघत असणार," असं तिला वाटतं.

दुसरीकडे सासऱ्यांना पेसमेकर बसवायचं ठरतंय. डॉक्टर म्हणाले, पलंगाशेजारी एक छोटं यंत्र ठेवायचं, ते रात्री आपोआप माहिती पाठवत राहील. यावर मात्र घरात कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

मला मनापासून समजून घ्यायचंय. असल्या वस्तूंमधून कुणाला काय कळतं, काय कळूच शकत नाही, आणि घाबरायचं तर कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड नकोत. ज्यांचा कामातून किंवा घरातून संबंध आलाय त्यांनी कृपया लिहा.

खडकवासला

२००० च्या नोटेतली चिपसुद्धा जमिनीखाली १२० मीटरवरून सिग्नल देणार होती म्हणे! नोटा आल्या, गेल्या, चिप कुणालाच सापडली नाही. :)

रेडिओवाला_काका

स्नेहल, प्रश्न चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो. आयुष्य अँटेनांच्या संगतीत गेलंय.

तुमच्या भावाच्या हातात बहुधा एनएफसी चिप आहे, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी. फोन टेकवून पैसे देतो, तेच तंत्र. तिच्यात बॅटरी नसते. समोरच्या वाचक यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्या वेटोळ्यात जेमतेम वीज तयार होते. तेवढ्या विजेवर ती आपला क्रमांक सांगते आणि यंत्र दूर गेलं की बंद पडते. वाचक जवळजवळ कातडीला टेकवावा लागतो. रस्त्यानं चालताना ही चिप कुणालाही काहीही सांगू शकत नाही. आत्याबाईंना हे निःशंकपणे सांगा.

लोक जीपीएस आणि पाळत या दोन गोष्टी एकच समजतात. जीपीएस म्हणजे उपग्रहांचे सिग्नल ऐकून आपली जागा काढणं. ती जागा दुसऱ्याला कळवायची तर वेगळा ट्रान्समीटर हवा, मोबाइल नेटवर्क किंवा उपग्रहाशी जोडणी हवी, त्याला पुरेल अशी बॅटरी हवी. तांदळाच्या दाण्यात हे सगळं मावत नाही. हिताचीनं २००७ मध्ये ०.०५ मिलिमीटरची, अक्षरशः भुकटीसारखी चिप दाखवली होती. पण तिलाही बाहेरून अँटेना जोडावा लागे, आणि तो चिपच्या कित्येक पट मोठा.

आता दुसरी बाजू. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बिनबॅटरीचाच. पण तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे टोलनाक्यावर काही मीटरवरून वाचला जातो. तुम्ही खालापूरला किती वाजता होतात आणि तळेगावला किती वाजता, हे फास्टॅगला माहीत नसतं. नाक्यांवरच्या नोंदी ज्या सर्व्हरवर जमतात त्याला माहीत असतं. भावाच्या ऑफिसचंही तसंच. तो किती वाजता आला, मधे किती वेळा दाराबाहेर गेला, हे त्या दाराच्या नोंदीत आहे. त्यानं साधं कार्ड वापरलं असतं तरी ते तिथं असतंच. म्हणून चौकशी करायची तर त्या नोंदींची: किती दिवस ठेवता, कोण बघतं, आणि आणखी कशाशी जोडता.

गौरी_उप्साला

काकांना अनुमोदन. मी स्वीडनमध्येच राहते, म्हणून थोडी भर घालते.

बाहेरच्या बातम्या वाचून वाटतं की इथं घरोघरी चिप आहे. तसं काही नाही. काही हजार लोकांनी ती बसवून घेतली, ४ हजारांच्या आसपास असा आकडा सांगितला जायचा. स्टॉकहोमच्या एपिसेंटर या सामायिक ऑफिसात २०१५ पासून चिप बसवण्याचे कार्यक्रम व्हायचे. २०१७ मध्ये एसजे या रेल्वे कंपनीनं चिपवर तिकीट दाखवायची सोय केली. माझ्या ओळखीच्या बहुतेकांचं काम मात्र फोनवरच भागतं.

इथल्या लोकांना यात फारसं भय वाटत नाही, त्यामागे कारणं आहेत. जन्मापासून प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक असतो, शेजाऱ्याचं करपात्र उत्पन्न कर खात्याला विचारून कळू शकतं, आणि सरकारी यंत्रणेवर लोकांचा एकूण विश्वास आहे. असा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या जमलेला असतो. दुसऱ्या देशात नुसती चिप नेता येते, विश्वास नेता येत नाही. आत्यांची भीती मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

अभय_ऑस्टिन

अमेरिकेत या सगळ्याची रंगीत तालीम २० वर्षांपूर्वीच झालीय. व्हेरिचिप नावाच्या चिपला इथल्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, ऑक्टोबर २००४ मध्ये मान्यता दिली. दंडात बसवायची, आत फक्त १६ आकडी क्रमांक. बेशुद्ध रुग्ण आला की हॉस्पिटलनं तो क्रमांक वाचायचा आणि डेटाबेसमधून वैद्यकीय माहिती काढायची, अशी कल्पना. पण वाचक यंत्र फार थोड्या हॉस्पिटलांत होतं, त्यामुळे नुसत्या क्रमांकाचा उपयोग काय? २००६ मध्ये जोनाथन वेस्टह्यूज या अभियंत्यानं घरी बनवलेल्या यंत्रानं या चिपची नक्कल करून दाखवली. क्रमांकाला कसलंही कुलूपच नव्हतं. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये अशा चिपभोवती गाठी आढळल्याची जुनी संशोधनं वर्तमानपत्रांनी बाहेर काढली. माणसांत तसं काही सिद्ध झालं नाही, पण धंदा बसला आणि २०१० मध्ये ती चिप बंद झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विस्कॉन्सिन राज्याचं पाऊल. २००६ मध्येच त्यांनी कायदा केला की कुणावरही चिप बसवण्याची सक्ती करता येणार नाही. नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्निया पाठोपाठ आले. गंमत म्हणजे २०१७ मध्ये त्याच विस्कॉन्सिनमधल्या रिव्हर फॉल्स गावात थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या साधारण ५० कर्मचाऱ्यांनी समारंभ करून चिपा बसवून घेतल्या. सगळं ऐच्छिक. पण मालक स्वतः रांगेत उभा आहे, कॅमेरे लागलेत, अशा वेळी "मला नको" म्हणणं नव्यानं लागलेल्या माणसाला किती सोपं असेल, याचा विचार करा.

बाणकोटकर

जरा विषयांतर करतो, पण काकांचा मुद्दा आमच्या कोकण किनाऱ्यावर स्पष्ट दिसतो.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर चिकटवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरकडच्या आणखी काही. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाला तरच सिग्नल जायचा. एवढं मोठं यंत्र पाठीवर असूनसुद्धा काही काळानं ते सिग्नल बंद पडले. आणि लोक म्हणतात लशीच्या सुईतून जीपीएस अंगात गेलं!

याच्या उलट गोष्ट २०२५ ची. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला दिसला, क्रमांक ०३२३३. नोंदी तपासल्यावर कळलं की २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तो लावला होता. ना बॅटरी, ना चिप. तरी बंगालच्या उपसागरातलं कासव अरबी समुद्रात आल्याचा पुरावा मिळाला, कारण एका टोकाला नोंद ठेवणारे होते आणि दुसऱ्या टोकाला पहाटे किनाऱ्यावर फिरणारे.

खडकवासला

वा! कासवावर वेगळा धागा काढाच, बाणकोटकर.

विनय_जोगळेकर

मला या चर्चेत एक बाजू कमी वाटते. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. ते दोनदा घरातून निघून गेले. एकदा स्वारगेटला सापडले, आणि तोपर्यंत आमच्या घरात काय चाललं होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तेव्हा कुणी म्हणालं असतं की चिप बसवा आणि बाबा कुठं आहेत ते कळेल, तर मी त्याच मिनिटाला सही केली असती. खासगीपण महत्त्वाचं आहे, मान्य. पण लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचं त्यात काय जातं? आणि ज्याला परतीची वाट आठवत नाही त्याला खासगीपण देऊन आपण काय मिळवतो?

डॉ_मंजिरी

विनय, तुमची कळकळ समजते. रोज अशी कुटुंबं भेटतात. अशी चिप आज अस्तित्वात नाही, काकांनी कारण लिहिलंच आहे. जीपीएस आणि सिमकार्ड असलेलं, रुग्णाला सहज काढता न येणारं घड्याळ मिळतं, ते जरूर घ्या. शिवाय शर्टच्या आत कापडी पट्टीवर फोन नंबर शिवून ठेवा, तो चार्ज करावा लागत नाही. मात्र वडिलांना जेवढं समजतं तेवढं समजावून, त्यांना विचारून घड्याळ बांधा. त्यांनी ओढून काढलं तर रागावू नका. "लपवण्यासारखं काही नाही" याच्याशी मात्र मी सहमत नाही. माझ्या रुग्णाला क्षयरोग झाला होता किंवा तो मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, यात लाजण्यासारखं काहीच नाही. तरी ते त्याच्या मालकाला कळू नये, एवढा हक्क त्याला आहे.

स्नेहल, तुमच्या सासऱ्यांबद्दल. पेसमेकरची दूरस्थ देखरेख उपयोगी आहे. ठोक्यांतली अनियमितता, बॅटरी उतरणं, तार सैल होणं लवकर कळतं आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या वाचतात. धोके काल्पनिक नाहीत हेही सांगते. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातल्या उपकरणाची वायरलेस सोय २००७ मध्ये डॉक्टरांनी बंद ठेवली होती, हल्ल्याच्या भीतीनं. ऑगस्ट २०१७ मध्ये सेंट ज्यूड, म्हणजे आताच्या अ‍ॅबटच्या, सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांत सुरक्षेची फट असल्याचं एफडीएनं जाहीर केलं. शस्त्रक्रिया नको होती. दवाखान्यात येऊन छातीवर यंत्र धरून काही मिनिटांत नवं सॉफ्टवेअर घालायचं होतं. त्या फटीमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती.

आणि पाळतीचाच विचार करायचा तर ओहायोतला खटला बघा. २०१६ मध्ये एका माणसाचं घर जळलं. आग लागल्यावर खिडकीतून सामान बाहेर टाकून आपण पळालो, असं त्यानं सांगितलं. पोलिसांनी वॉरंट काढून त्याच्या पेसमेकरमधली ठोक्यांची नोंद घेतली, आणि तज्ज्ञानं ती त्याच्या सांगण्याशी जुळत नाही असं मत दिलं. न्यायाधीशांनी तो पुरावा ग्राह्य धरला. तो खरा की खोटा ते बाजूला ठेवते. जीव वाचवण्यासाठी छातीत ठेवलेली वस्तू त्याच माणसाविरुद्ध साक्ष देऊ शकते, हे आम्हा डॉक्टरांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्ही ते रुग्णाला सांगतही नाही. सांगायला हवं.

तरीही, कृपा करून या भीतीनं पेसमेकर टाळू नका.

ऐकू_येतंय

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. माझ्या लेकीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र आहे. आतला भाग कानामागे हाडाजवळ आणि बाहेरचा प्रोसेसर लोहचुंबकानं चिकटलेला. तो काढला की ती पूर्ण शांततेत जाते. आमची काळजी हेरगिरीची नाही. जुन्या प्रोसेसरचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि नव्याची किंमत लाखांत आहे, ही आहे. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीनं साडेतीनशेहून जास्त अंध लोकांच्या डोळ्यांत, थोडंफार दिसावं म्हणून, आर्गस २ नावाचं उपकरण बसवलं आणि मग आर्थिक अडचणीत येऊन त्याकडे पाठ फिरवली. ते लोक डोळ्यांत बंद पडू शकणारं यंत्र घेऊन राहिले. शरीरातली वस्तू कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून असणं हीसुद्धा आपल्यावरची सत्ताच आहे, असं मला आई म्हणून वाटतं.

मृण्मयी

बायकांच्या बाजूनं एक लिहिते. कातडीखालच्या चिपपेक्षा, हरवलेल्या वस्तू शोधायला वापरतात तो नाण्याएवढा टॅग आज जास्त धोक्याचा आहे. माझ्या मैत्रिणीच्या स्कूटरच्या सीटखाली, टूलकिटच्या पिशवीत असा एक टॅग सापडला. विभक्त झालेल्या नवऱ्यानं ठेवलेला. ती माहेरून मैत्रिणीकडे गेली की त्याचा फोन यायचा, "तिथं काय करतेस?" कित्येक आठवडे ती स्वतःच्या मैत्रिणींवर संशय घेत होती. तिचं ते एकटेपण मी पाहिलंय.

रेडिओवाला काका, हे कसं चालतं ते सांगाल? यात तर सिमही नसतं.

रेडिओवाला_काका

मृण्मयी, फार महत्त्वाचं लिहिलंस. टॅग फक्त ब्लूटूथवर आपला क्रमांक पुकारत असतो. जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसांचे फोन तो ऐकतात आणि स्वतःच्या जागेसह सर्व्हरला कळवतात, त्या माणसांना पत्ताही नसतो. वाचक यंत्र लाखो लोकांच्या खिशात आहेत. म्हणून एक बटणाएवढी बॅटरी वर्षभर पुरते. २०२१ मध्ये अ‍ॅपलचा एअरटॅग हा टॅग आला तेव्हा फोनवर इशारा फक्त आयफोनवाल्यांना मिळायचा, अँड्रॉइडवाल्या बाईच्या फोनवर काहीच यायचं नाही. मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि गूगल यांच्या सामायिक पद्धतीमुळे दोन्ही फोनांवर "अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय" असा इशारा येतो. तो आला तर बंद करून सोडून देऊ नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन स्वतःहूनही शोध घेता येतो. टॅग सापडला की आधी फोटो काढा.

अ‍ॅड_सुमेधा

आणि त्याचा क्रमांक टिपून पोलिसात तक्रार द्या. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. टॅग फेकून देऊ नका, पुरावा जातो.

वऱ्हाडातून

राजेहो, इतकं वाचलं, पण माह्या मनातलं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माही मावशी एका महापालिकेत सफाई कामगार आहे. त्यायले जीपीएसवालं घड्याळ देलं. सकाळी बांधायचं, ड्युटी संपल्यावरच काढायचं. बीट, म्हणजे नेमून देलेला भाग, सोडून बाहेर गेलं की तिकडं स्क्रीनवर दिसते. बीटमधे बायांसाठी संडास नाही, म्हणून मावशी दोन गल्ल्या पलीकडं ओळखीच्या घरी जाते. तेवढा वेळ गैरहजर दाखवून पगार कापला. तिनं विचारलं तर सायेब म्हणे मशीन खोटं बोलत नाही. घड्याळात माइक आहे का, बाथरूममधी बोललेलं ऐकू जाते का, हे बायका एकमेकींले विचारत राह्यतात. त्यायले कोणीच सांगत नाही. चार्ज न्हाई राह्यलं तरी दोष तिचाच.

तुमच्या भावानं हौशीनं चिप टोचून घेतली, ताई, तो पाह्यजे तेव्हा काढून फेकू शकते. मावशीचं घड्याळ तर कातडीच्या वरच आहे, सोडायले एक सेकंद लागते. पण ते सोडलं की चूल बंद. मंग कोणाची चिप आंगात रुतली, सांगा.

गौरी_उप्साला

हा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. तुमच्या मावशींना नमस्कार सांगा.

विनय_जोगळेकर

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. बाबांचं घड्याळ मी बघतो, कारण ते परत यावेत म्हणून. मावशींचं घड्याळ बघणाऱ्याला त्या कशासाठी गेल्या याच्याशी काही देणंघेणं नाही.

अ‍ॅड_सुमेधा

वऱ्हाडातून, तुमच्या मावशी एकट्या नाहीत. चंडीगड, पंचकुला इथल्या सफाई कामगारांनी अशा घड्याळांविरुद्ध आंदोलनं केली आहेत. कायद्याची स्थिती स्पष्टच सांगते, खोटी आशा दाखवायची नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. महापालिका ही राज्यसंस्था असल्यानं तिला तो लागू आहे. पाळत ठेवायची तर त्याला कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा, आणि ती हेतूच्या प्रमाणात हवी. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं असंही म्हटलं की आरोपीनं गूगल मॅपवर आपलं ठिकाण तपास यंत्रणेला दाखवत राहावं, अशी जामिनाची अट घालता येणार नाही. आरोपीला जे संरक्षण आहे ते रस्ता झाडणाऱ्या बाईला नसावं, हे मला पटत नाही.

अडचण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची आहे. त्याच्या कलम ७ नुसार नोकरीच्या कारणांसाठी मालक संमतीशिवाय माहिती वापरू शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. अभय यांनी विस्कॉन्सिनचा दाखला दिला. चिपची सक्ती थेट रोखणारा तसा कायदा आपल्याकडे नाही. तो कातडीखालच्या चिपपुरता न ठेवता अंगावर बांधायच्या वस्तूंसाठीही हवा, असं माझं ठाम मत आहे.

स्नेहल_क

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलून आले. पलंगाजवळच्या यंत्रातून जाणारी माहिती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून हॉस्पिटल बघतं. संमतीपत्रकात हे बारीक अक्षरात होतं, आता सासऱ्यांनी ते स्वतः वाचून सही केली. पेसमेकर बसवायचाच आहे. आत्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती निवळली. पण मावशींचं वाचल्यापासून तिचं एकच पालुपद आहे, "त्या बाईचं काय केलं तुम्ही लोकांनी?"

सुमेधाताई, काही करता येईल का?

अ‍ॅड_सुमेधा

येईल. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. शक्यतो युनियनच्या पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या नावानं करावा, मावशींच्या नावानं नको. कुणा एका कामगाराची माहिती मागू नका, नाहीतर व्यक्तिगत माहितीची सबब पुढे करतील. मागायचं ते हे: घड्याळांच्या कंत्राटाची प्रत, ती बांधायला लावणारा आदेश किंवा ठराव, घड्याळात माइक किंवा कॅमेरा आहे का याचं तांत्रिक वर्णन, नोंदी कोणाच्या सर्व्हरवर आणि किती काळ राहतात, पगारकपातीचा नियम व त्यावर अपील कुणाकडे, आणि प्रत्येक बीटमध्ये महिला कामगारांसाठी किती स्वच्छतागृहं आहेत. शेवटचा प्रश्न गाळू नका, पुढे न्यायालयात तोच लागेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, ते मी लिहून देईन. फी घेणार नाही.

वऱ्हाडातून

ताई, युनियनचे भाऊ तयार आहेत. रविवारी बसतो त्यायच्यासंगं. मसुदा तुमाले इथंच धाडू का निरोपात?

अ‍ॅड_सुमेधा

निरोपात धाडा, इथं नको. आणि अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोच घ्यायला विसरू नका.